धरणाच्या पोटातली देवी

कोरोना येऊन गेल्यापासून आमच्या कॉलनीत विषाणूवर बोलता येत नाही असा माणूस उरलेला नाही. क्रांती चौकाजवळच्या एका सभागृहात ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्याला मला ‘दोन शब्द’ बोलायला बोलावलं होतं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ठणकावून सांगितलं, की विषाणू दर पंधरवड्याला रूप पालटतो, त्यामुळे लसीबिसीचा काही उपयोग नसतो, सकाळी काढा घ्या आणि निर्धास्त राहा. टाळ्या पडल्या. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “काढा खुशाल घ्या, पण माझ्या विषाणूची बदनामी करू नका.” त्यानंतर मला तिथून पुन्हा बोलावणं आलेलं नाही.

माझा विषाणू म्हणजे मेंढ्यांच्या देवीचा. मी पशुवैद्यक. सरकारी दवाखान्यांत नोकरी केली, बहुतेक सगळी याच जिल्ह्यात. गायीची अडकलेली वार काढली, बैलांच्या खुरातले खिळे काढले, म्हशीच्या पोटातून प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा काढला. पण मला कुणी विचारलं की जन्मभर कुणाशी भांडलात, तर मी दोन नावं सांगेन. एक हा विषाणू आणि दुसरं माझं खातं. विषाणूबद्दल माझ्या मनात आदर आहे.

सगळे विषाणू एका माळेचे मणी नसतात. फ्लूचा विषाणू आपली नक्कल उतरवताना भयंकर घाई करतो, चुका करतो आणि त्या तशाच पुढं ढकलतो. कोरोना त्याच्या मानानं जरा सावकाश, पण वळण तेच. देवीचा विषाणू मात्र डीएनएचा. त्याची सगळी माहिती तुमच्याआमच्यासारखीच डीएनएत लिहिलेली असते. तो नक्कल उतरवतो, ती तपासतो आणि चूक दिसली तर दुरुस्त करतो. मी नोकरीला लागले तेव्हाची देवीच्या फोडाची खपली आणि निवृत्त झाले तेव्हाची खपली शेजारी शेजारी ठेवली, तर त्यांतल्या विषाणूंत फारसा फरक निघणार नाही. आमच्या खात्यातल्या नियमांतही तितकाच निघेल.

पण म्हणून तो ठोंब्या आहे असं समजू नका. त्याच्यापाशी दुसऱ्या युक्त्या आहेत. एक म्हणजे तो चोर आहे. ज्या प्राण्यांत तो राहिला त्यांचीच काही जनुकं त्याच्या पूर्वजांनी केव्हातरी उचलली आणि शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवायला वापरली. दुसरं, अडचणीत सापडला तर आपल्याकडचं कामाचं जनुक तो एकाचं चार करून घेतो आणि अडचण सरली की जादाची टाकून देतो. तिसरं, एकाच प्राण्यात स्थिरावला की नको असलेली जनुकं तो बंद पाडतो. गायींना लम्पी होतो तो विषाणू आणि मेंढ्यांना देवी येते तो विषाणू हे चुलतभाऊ, पण मेंढ्यांच्या विषाणूनं आपली कितीतरी जनुकं अशी निकामी करून टाकली आहेत. त्याला दुसरीकडं जायचंच नाही. आणि चौथी युक्ती, जिची मला खरी धास्ती वाटते. असे दोन भाऊ एकाच जनावराच्या एकाच पेशीत भेटले, तर ते आपसांत तुकडे बदलून घेऊ शकतात. मग जो तिसरा बाहेर पडतो तो कसा वागेल हे कुणालाच आधी सांगता येत नाही.

लसीनं काय होतं तेही सांगते. लासूर स्टेशनजवळ एका गृहस्थांची पोल्ट्री होती. माणूस तापट. एकदा त्यांचा निरोप आला की ताबडतोब या. जाऊन बघते तर कोंबड्या एक पाय पुढं आणि एक मागं टाकून पडलेल्या. हा मरेकचा रोग, हाही डीएनएच्याच विषाणूचा. “बाई, एकूणएक पिल्लाला लस टोचली होती! तुमची लस म्हणजे नुसतं पाणी!” ते ओरडले. मी त्यांना शेडमध्ये नेलं आणि खाली वाकून बोटानं धूळ उचलून दाखवली. जुन्या पक्ष्यांच्या पिसांचा आणि कोंड्याचा थर तसाच ठेवून त्यावर त्यांनी नवी पिल्लं सोडली होती. ही लस कोंबडीला मरू देत नाही, पण विषाणूला आत शिरायला बंदी करत नाही. पूर्वी फार जहाल विषाणू असला तर तो कोंबडीबरोबर स्वतःही संपायचा. आता कोंबडी जगते आणि त्याला पसरायला सवड मिळते. जगभर या रोगाचा विषाणू वर्षानुवर्षं असाच जहाल होत गेला आहे.

“म्हणजे लस नको?” त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

“लस हवीच. लस आहे म्हणून केरसुणी टाकून दिलीत, ती उचला.”

त्यांना ते आवडलं नाही. तरी त्यांनी शेड रिकामं केलं, धुतलं, चुना मारला आणि पुढची पिल्लं टिकली. श्रेय त्यांनी एका बाबांच्या अंगाऱ्याला दिलं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती सांगते. लागोपाठचा दुष्काळ होता. जायकवाडी धरणाचं पाणी इतकं मागं गेलं होतं, की वर्षानुवर्षं बुडालेली जमीन उघडी पडली होती. माणसं तिला धरणाचं पोट म्हणतात. बाकी मुलूख करपून गेला असताना त्या ओल्या गाळावर हिरवं गवत उगवलं. मेंढपाळांना ते लांबून कळतं. एरवी त्यांच्या वाटा ठरलेल्या असतात. कुणी वाळूजच्या माळावरून जायचं, कुणी बिडकीनच्या बाजूनं, कुणी चिकलठाण्याच्या मागून. पण त्या माळांवर कारखाने आले होते, प्लॉट पडले होते, तारेची कुंपणं उभी राहिली होती. शहर वाढलं आणि मेंढरांच्या वाटा बुजल्या. मग सगळे कळप धरणाच्या पोटात उतरले. एरवी वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे कळप तिथं एका हाकेच्या अंतरावर बसले. दुष्काळानं हाडं वर आलेल्या मेंढ्या, अंगात ताकद नसलेली कोकरं. आमच्या विषाणूला काही बदलायची गरजच नव्हती. त्याला हवं ते आम्हीच आयतं मांडून ठेवलं होतं.

मी तेव्हा पैठण तालुक्यातल्या एका दवाखान्यात होते. माझ्या हाताखाली ड्रेसर, म्हणजे मलमपट्टीला मदतनीस, म्हणून शेखचाचा होते, खात्यात माझ्यापेक्षा मुरलेले. एका सकाळी खबर आली, की ठकूबाई नावाच्या बाईच्या कळपात मेंढ्यांचे डोळे गळतायत. आम्ही बर्फाच्या डब्यात लसीच्या बाटल्या घेतल्या आणि निघालो.

ठकूबाई पन्नाशीच्या पुढची, अंगानं काटक. नवरा गेल्यापासून कळप तीच हाकत होती. वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, त्याच्या चारही कोपऱ्यांना तिनं लिंबाचे डहाळे बांधले होते. ते बघूनच मला काय ते समजलं. एका मेंढीची शेपटी उचलून बघितली, खाली टणक गाठी. जांघेत तशाच, कासेवर तशाच.

“बाई, आई आलीया,” ठकूबाई हळू आवाजात म्हणाली. “सुई नाय लावायची. आईला राग येतो.”

चाचांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, “मॅडम, ये माँ का मामला है. इसमें हाथ नको डालो.”

आजारी मेंढीला मला सुई लावायचीच नव्हती. ती लस जिवंत विषाणूची असते, अर्थात दुबळ्या केलेल्या. निरोगी मेंढीला दिली तर ती पुढचं संकट टाळते. रोग आत शिरलेल्या मेंढीला दिली तर फायदा शून्य, एकीची सुई दुसरीला लागून रोग मात्र पसरतो, आणि शिवाय लसीतला आणि रोगाचा असे दोन भाऊ एकाच अंगात भेटतात. त्या वेळी ही नुसती माझी भीती होती. पुढं बाहेरच्या देशांत गायींच्या लम्पीत, लसीचा आणि रानटी असे दोन विषाणू मिसळून तिसरा झाल्याचं वाचलं, तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही.

आईचे नियम मी ठकूबाईकडून नीट ऐकून घेतले. आई कळपात असेतो त्या बिऱ्हाडातून कुणी विस्तव न्यायचा नाही, कुणी पाणी प्यायचं नाही, बाहेरचं मेंढरू आत नाही, आतलं बाहेर नाही. मला पुस्तकात शिकवलेलं विलगीकरण याहून वेगळं काय होतं? मी म्हटलं, “ठकूबाई, हे सगळं तंतोतंत पाळा. मी आजूबाजूच्या निरोगी कळपांना टोचते. तुमच्या कळपाला हात लावत नाही.”

चाचांनी तीन दगडांवर पातेलं ठेवून सुया उकळायला घेतल्या. प्रत्येक कळपाला वेगळ्या सुया, ठकूबाईच्या वाघरीपासून लांबचा कळप आधी. काम सुरू झालं आणि लगेच गावातली मंडळी काठ्या घेऊन आली. धरणाकाठचं गाव, पुढारी एक तरणाताठा उपसरपंच. त्याचं म्हणणं, रोगट मेंढरं आमच्या पाण्यावर नकोत, संध्याकाळच्या आत हाकला.

“हा रोग माणसाला होत नाही,” मी सांगितलं. “गायीला नाही, म्हशीला नाही. हा विषाणू मेंढीपलीकडं बघत नाही.”

“मॅडम, तुमी शहरात राहता. उद्या काय झालं तर आमाला कोन बघंल?”

“हाकललंत तर हा कळप रस्त्याला लागेल. इथून लासूरच्या बाजारापर्यंत खपल्या सांडत जाईल. तुमच्या पाहुण्यांची मेंढरं असतील त्या वाटेवर. इथं ठेवलात तर रोग इथंच राहील.” तो ऐकेना. मग मी जीपमधून घडीची खुर्ची काढून घेतली, वाघरीच्या तोंडाशी मांडली आणि तीवर बसले. म्हटलं, आधी मला उचला. सरकारी बाईला उचलायची त्यांची छाती झाली नाही. ते बडबडत गेले.

गाव गेलं, तर आमच्या खात्याचे साहेब आले. वरून फर्मान होतं, की धरणाच्या पोटातलं झाडून सगळं मेंढरू टोचा आणि मोकळे व्हा, कोणीतरी मोठे पाहणीला येणार आहेत.

“सगळे म्हणजे सगळे,” साहेबांनी ठकूबाईच्या कळपाकडं बोट केलं. “हे राहिले.”

“हे राहणारच. ते आजारी आहेत.”

“तुम्ही ठरवणार का?”

“हो. मीच ठरवणार. मेंढीच्या डॉक्टरनं नाही ठरवायचं तर कुणी?”

साहेब लालेलाल झाले. त्यांनी मला सांगितलं की याचा परिणाम होईल. मी म्हटलं, होऊ द्या. त्या कळपाला एक सुई लागली नाही. आज कुणी मला विचारलं की हट्ट होता का, तर होता. असा हट्ट मी पुन्हा करीन.

कोकरं मात्र जात राहिली. देवीचे फोड कोकरांच्या फुप्फुसात होतात आणि ती धापा टाकत मरतात. त्यावर माझ्याकडं काही नव्हतं. ठकूबाई एकेका कोकराला घोंगडीत गुंडाळून आणायची, आम्ही खोल खड्ड्यात पुरून चुना टाकायचो. ती रडली नाही. मलाच एकदा पाठ फिरवून उभं राहावं लागलं. कोकरांतली निम्म्याच्या वर गेली. मोठ्या मेंढ्या बहुतेक तगल्या. फोड सुकले, खपल्या धरल्या, मेंढ्या पुन्हा गवताला तोंड लावू लागल्या. आजूबाजूच्या कळपांत एकही नवी मेंढी आजारी नव्हती. मी मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होते, तेवढ्यात ठकूबाई हसतमुखानं म्हणाली, “बाई, आई निघाली. मंगळवारी बोळवण करायची. तुमी जेवायला या.”

बोळवण म्हणजे काय ते तिनं कौतुकानं सांगितलं. दहीभाताचा निवद असतो, नारळ असतो, हलगी असते. सगळे सोयरे आपापले कळप घेऊन येतात आणि आपली नवी कोकरं आईच्या कळपातून फिरवून नेतात. आईचा हात लागला की त्या कोकरांना पुन्हा आईची बाधा नाही. शेवगावकडून तिचा धाकटा भाऊ म्हाळू निघाला होता, तीन दिवसांच्या वाटेवर, सोबत सगळा कळप आणि त्या हंगामातली झाडून सगळी कोकरं.

ही रीत खुळचट नाही हे मला कळत होतं. लस नव्हती त्या काळी बापजाद्यांनी शोधलेली ती लसच होती. धष्टपुष्ट कोकरू थोडक्यात निभावायचं आणि जन्मभरासाठी सुटायचं. पण ही कोकरं दुष्काळातली होती, आयांना दूध नव्हतं. आणि मेंढी बरी झाली तरी तिच्या लोकरीत अडकलेल्या खपल्यांत विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो. रूप बदलत नाही, धावत नाही, नुसता वाट बघतो. माणसं आनंदानं एकत्र येतील त्या दिवसाची.

मी ठकूबाईला समोर बसवलं. सूक्ष्मदर्शक, डीएनए, काही काढलं नाही. एका बऱ्या झालेल्या मेंढीची लोकर बाजूला करून खपली दाखवली.

“ठकूबाई, आई कुठं असते? फोडात ना?”

“व्हय.”

“मग ही खपली कुणाची?”

“आईचीच की.”

“हिच्यात ती अजून आहे. मी पैजेवर सांगते. ही खपली म्हाळूच्या कोकराला लागली, तर तुम्ही खड्ड्यात घातलीत तशीच त्याची जातील.”

तिनं नखानं खपली टोकरून बघितली. मग म्हणाली, “मंग आई अजून हितंच हाय म्हना.”

“हितंच आहे.”

“आई हाय तवर भाईरचं मेंढरू आत येत नाय.” ती स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली. “मग बोळवण कशी व्हनार?”

तिचाच नियम तिनंच लांबवला. खपल्या झडेपर्यंत, लोकर कातरून जाळेपर्यंत आई मुक्कामाला आहे. बाकीच्या सोयऱ्यांना चाचांनी मोटारसायकलवरून निरोप पोचवले. म्हाळू मात्र वाटेवर होता, त्याला गाठता आलं नाही.

तो आला तो हलगी वाजवतच. कळपाच्या पुढं घोडं, घोड्यावर बिऱ्हाड, हातात नारळ. ठकूबाई वाघरीपासून बरीच पुढं, सगळ्या मेंढरांच्या आधी जाऊन काठी आडवी धरून उभी राहिली. मी आणि चाचा मागं होतो.

“म्हाळू, तिथंच थांब. मागं फिर.”

तो हसला. त्याला थट्टा वाटली. “अक्का, लई दुरून आलोय. आधी पानी तर दे.”

“पानी बी नाय. आई गेली नाय अजून. फिर मागं.”

“गेली नाय? मेंढरं तर चरत्यात तुजी! ही बाई सांगती का तुला?” त्यानं माझ्याकडं मान उडवली.

मी पुढं होऊन म्हटलं, “तुम्ही परत फिरा, मी उद्या तुमच्या मुक्कामावर येऊन लस टोचते.” ठकूबाईनं मला हातानंच मागं सारलं.

“मी सांगती. तुजी अक्का सांगती. एक पाऊल पुडं टाकलंस तर काठी घालीन.”

“मंगळवारच्या दिशी भावाला पान्याबिगर परत लावती? लोकात काय तोंड दावू मी?” त्यानं हातातला नारळ गाळात टाकला. “माजी भन मेली आजपासनं.”

कळप वळायला वेळ लागतो. पुढची मेंढी वळली की मागच्या गोंधळतात, कोकरं ओरडतात, आया त्यांना शोधतात. तेवढा सगळा वेळ ठकूबाई काठी आडवी धरून होती. कळप दिसेनासा झाल्यावर तिनं काठी खाली ठेवली. चाचांनी तिला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी मी म्हाळूच्या मुक्कामावर गेले, तर त्यानं मला बर्फाच्या डब्यासकट हाकलून दिलं.

ती साथ धरणाच्या पोटातच संपली. माझी चौकशी झाली, आदेश न पाळल्याचा शेरा मिळाला आणि बदली झाली सोयगावच्या टोकाला. तो शेरा मला पुढं बढतीच्या वेळी नडला. नडू दे. खात्यानं मला दिलेल्या सगळ्या कागदांत माझं खरं वर्णन तेवढ्या एकातच आहे.

म्हाळूच्या कळपात देवी आली नाही. त्या वर्षी नाही, पुढंही नाही. बऱ्याच वर्षांनी शेवगावच्या बाजारात मला तो भेटला. मी ओळख दिली, त्याला सगळं समजावून सांगितलं, खपली, लोकर, कोकरं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, “डाक्टरीनबाई, माज्या मेंढरांस्नी काय बी झालं नाय. आई आली नाय, एक कोकरू मेलं नाय. मंग तिनं मला कशापायी परत लावलं?” जे झालंच नाही ते दाखवायचं कसं?

गेल्या दिवाळीत बिडकीनच्या बाजूला ठकूबाईकडं गेले. मुलं कंपनीत लागली आहेत, मागच्या अंगणात तिनं अजून चारदोन मेंढ्या ठेवल्या आहेत. भाऊबीजेचा दिवस होता. शेजारच्या घरांत भाऊ येत होते, मोटारसायकली लागत होत्या. मी बाजारातली ती भेट तिला सांगितली, म्हाळूचा प्रश्न सांगितला आणि म्हटलं, “ठकूबाई, मी पुन्हा जाते त्याच्याकडं. त्याला पटवते. त्याचा हा राग जायला हवा.”

“नगा बाई,” ती मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. “त्याच्या मेंढरांस्नी कायबी झालं नाय, म्हनून रागावलाय. झालं असतं तर रडत आला असता माज्या दारात. रागावलेला बरा.”